भोगवट्याचे भोग

शहरी मराठी माणसाच्या आयुष्यात नकाशा दोनदा येतो : पहिल्यांदा भूगोलाच्या परीक्षेत आणि दुसऱ्यांदा सदनिका विकत घेताना; आणि दोन्ही वेळी तो न समजताही उत्तीर्ण होता येते, अशी त्याची श्रद्धा असते. यांतील दुसऱ्या नकाशाला ‘मंजूर नकाशा’ म्हणतात. महानगरपालिकेने, नगरपालिकेने किंवा तत्सम नियोजन प्राधिकरणाने तपासून, शिक्का मारून मान्य केलेला इमारतीचा आराखडा, अशी त्याची सोपी व्याख्या करता येईल. इमारत कशी असावी हे तो सांगतो. ती कशी आहे हे कळण्यासाठी मात्र प्रत्यक्ष जिने चढावे लागतात, कारण नकाशातली दुसरी लिफ्ट अजून यायची असते. नकाशा आणि इमारत यांच्यातील या अंतराला कायद्याच्या भाषेत ‘अनधिकृत बांधकाम’, विकासकाच्या भाषेत ‘सुधारित नियोजन’ आणि सदनिकाधारकाच्या भाषेत ‘थोडंसं फर्निचरचं काम’ असे म्हणतात. विकासक आणि सदनिकाधारक हे न्यायालयात एकमेकांसमोर उभे राहत असले, तरी नकाशाच्या बाबतीत ते एकाच संप्रदायाचे अनुयायी आहेत, हे या विवेचनाचे प्रमेय आहे; एकाने दीक्षा इमारतीच्या मापाची घेतलेली असते आणि दुसऱ्याने खोलीच्या मापाची, एवढाच काय तो फरक.

हा संप्रदाय समजून घ्यायचा, तर आधी त्याचे मंत्र समजून घ्यावे लागतात. मुंबईत इमारत बांधण्याची परवानगी मागणाऱ्याला महानगरपालिका जो पहिला महत्त्वाचा कागद देते त्याला ‘आयओडी’ म्हणतात, आणि ही अक्षरे ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’, म्हणजे चक्क ‘नामंजुरीची सूचना’, या शब्दांची आद्याक्षरे आहेत. १८८८ सालच्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३४६ पासून चालत आलेल्या या कागदाचा आशय असा की, सोबतच्या अटी पूर्ण होत नाहीत तोवर प्रस्ताव नामंजूर आहे. पण अटींची यादी हाती आली याचाच अर्थ काम मार्गी लागले, असा सर्व संबंधित लावतात आणि नामंजुरी मिळाल्याबद्दल पेढे वाटले जातात. नकारालाच होकार समजण्याची ही रीत मराठी विवाहसंस्थेत पूर्वी रूढ होती, ती बांधकाम खात्यात अद्याप टिकून आहे. त्यानंतर येते ‘बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र’. तेही बहुधा हप्त्याहप्त्याने, आधी जोत्यापर्यंत आणि मग पुढच्या मजल्यांसाठी. आणि सर्वांत शेवटी, इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली आहे व तीत माणसांनी राहण्यास हरकत नाही, असे सांगणारे ‘भोगवटा प्रमाणपत्र’, ज्याला व्यवहारात ‘ओसी’ म्हणतात.

भोगवटा हा शब्द महसुली मराठीतला असून त्याचा अर्थ ताबा, वापर, वहिवाट असा आहे. परंतु त्याच्या पोटात जो ‘भोग’ आहे त्याला मराठीत दोन अर्थ आहेत. एक उपभोगाचा, जो विकासकाच्या गुळगुळीत माहितीपत्रकात पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा आणि हिरवळीवर अनवाणी चालणारे आजोबा यांच्या रूपाने प्रकट होतो. आणि दुसरा पूर्वकर्माचा, जो ‘आपले भोग, दुसरं काय’ या उद्गारात ऐकू येतो. सदनिका नोंदवताना ग्राहक पहिल्या अर्थावर सही करतो आणि प्रमाणपत्राची वाट पाहताना त्याला दुसरा अर्थ कळतो. दोन्ही अर्थ एकाच शब्दात बसवणाऱ्या अनाम शिरस्तेदाराच्या दूरदृष्टीचे कौतुकच केले पाहिजे.

शासकीय मराठीने असेच दुसरे उपकार ‘चटई क्षेत्र’ या शब्दाने केले आहेत. मराठीत ज्याला गालिचा म्हणतात त्या इंग्रजी ‘कार्पेट’चे भाषांतर करताना अनुवादकाने गालिच्याची चटई केली, आणि महाराष्ट्रातील घरांच्या किमती व आकार यांचा विचार करता ती अधिक सत्यनिष्ठ ठरली. स्थावर संपदा अधिनियम, २०१६, म्हणजे बोलीतला ‘रेरा’, याने या क्षेत्राची व्याख्या करून बाहेरच्या भिंती, नळांचे डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळली, पण सदनिकेच्या आतल्या खोल्यांमधील भिंती मात्र हिशेबात धरल्या. त्यापूर्वी बिल्टअप आणि सुपर बिल्टअप या संज्ञांच्या आधारे जिन्याचा, लिफ्टचा आणि प्रवेशद्वाराचा वाटाही घराच्या आकारात मिळवला जात असे, आणि मालकाला एक खोली कायम शोधत राहावी लागे, जी वस्तुतः तळमजल्यावर पत्रपेट्यांच्या शेजारी असे. नव्या व्याख्येने तो शोध थांबला. परंतु आतल्या भिंती ज्या जागेवर उभ्या आहेत त्या जागेचेही पैसे आपण चौरस फुटाच्या दराने मोजले आहेत, हे ज्ञान ग्राहकाला झाले. भिंत पाडणे म्हणजे अडकलेले भांडवल मोकळे करणे, हा विचार त्याच्या मनात रुजला तो बहुधा याच क्षणी.

भिंत पाडण्याच्या या परंपरेत ‘फ्लॉवर बेड’चा अध्याय स्वतंत्र अभ्यासाला पात्र आहे. एखाद्या भूखंडावर त्याच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे ठरवणाऱ्या आकड्याला ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ किंवा एफएसआय म्हणतात. मुंबईच्या जुन्या नियमांत खिडकीबाहेरचा फुलझाडांचा कट्टा या निर्देशांकात मोजला जात नसे, कारण नागरिकांनी फुलझाडे लावावीत असे नियम करणाऱ्याला मनापासून वाटत होते. परिणामी मुंबईच्या वास्तुरचनेत पुष्पप्रेमाची एक अभूतपूर्व लाट आली. शयनगृहाला फुलझाडांचा कट्टा, दिवाणखान्याला कट्टा, स्वयंपाकघराला कट्टा, आणि ज्या खोलीत कोणतेही सुज्ञ फूल उमलणार नाही तिलाही कट्टा, असे नकाशे मंजुरीसाठी जाऊ लागले. विकासकाने हे कट्टे खोलीच्या दराने विकले, ग्राहकाने ते आनंदाने विकत घेतले, आणि ताबा मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात गवंडी बोलावून मधली भिंत काढली. बागेच्या जागी कपाट आले आणि जास्वंदीच्या जागी इस्त्रीचे कपडे. पुढे २०१२ साली नियम बदलले. फुलझाडांचे कट्टे, बाल्कनी आणि तत्सम भाग निर्देशांकात मोजायचे ठरले, आणि त्या बदल्यात निवासी इमारतींना अधिमूल्य भरून ३५ टक्क्यांपर्यंत जादा क्षेत्र घेण्याची सोय झाली, जिला ‘फंजिबल एफएसआय’ म्हणतात. त्यानंतर नव्या नकाशांतील फुलझाडे एकाएकी सुकली. एका अधिसूचनेने इतक्या फुलांवरचे प्रेम आटल्याचे उदाहरण उद्यानशास्त्राच्या इतिहासात दुसरे नसावे.

बाल्कनीची कथाही याहून निराळी नाही. मराठी माणूस बाल्कनी बंद करत नाही. तो ती ‘आत घेतो’, जणू पाऊस आला म्हणून वाळत घातलेले कपडे आत घ्यावेत. या क्रियापदात गुन्ह्याचा लवलेशही जाणवत नाही. उलट एखादी पोरकी, उघड्यावर पडलेली वस्तू मायेने घरात आणल्याचा भाव आहे. कायद्याच्या दृष्टीने हा मंजूर नकाशातील बदल असतो आणि त्यासाठी प्राधिकरणाची परवानगी लागते. ती नसल्यास मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे कलम ३५१ किंवा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याचे कलम ५३ यांखाली नोटीस येऊ शकते. सदनिकाधारकाच्या दृष्टीने मात्र परवानगीची गरज तेव्हाच निर्माण होते, जेव्हा वरच्या मजल्यावरचा माणूस आपली बाल्कनी आत घेतो आणि त्याचे लोखंडी ग्रिल चार इंच अधिक बाहेर येते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं या म्हणीला जर एखादे बांधकामविषयक उपकलम जोडायचे झाले, तर ते ग्रिलसंबंधी असेल.

आता प्रश्न असा की, नकाशातील बदलांना नेमकी सुरुवात केव्हा होते. याचे उत्तर ‘फिट-आउट ताबा’ या संस्थेत सापडते. भोगवटा प्रमाणपत्र मिळण्याआधी, केवळ फर्निचरचे काम करून घेण्यासाठी म्हणून, ग्राहकाच्या हाती किल्ली देण्याच्या प्रथेला हे नाव आहे. वास्तविक महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स अधिनियम, १९६३, ज्याला वकील मंडळी लाडाने ‘मोफा’ म्हणतात, त्याच्या कलम ३ मध्ये पूर्णत्वाच्या दाखल्याशिवाय कोणाला ताब्यात जाऊ देऊ नये असे विकासकाला बजावले आहे. आणि तेवढ्यावर न थांबता, कोणी तसा ताबा घेऊही नये, असे ग्राहकालाही सांगितले आहे. कायदे करणाऱ्याला दोन्ही पक्षांची ओळख चांगली होती, हे यावरून दिसते. तरीही एकीकडे घरभाडे आणि दुसरीकडे गृहकर्जाचा हप्ता अशा दोन चाकांत सापडलेला ग्राहक किल्ली नाकारत नाही. तो शुभमुहूर्त पाहून कलश ठेवतो, वास्तुशांत करून घेतो आणि फर्निचरसाठी मिळालेल्या ताब्यात कुटुंबासह राहू लागतो. कायदेशीरदृष्ट्या तो स्वतःच त्या काळात एक प्रकारचे फर्निचर असतो. वास्तुपुरुष यज्ञातील आहुतीने प्रसन्न होतो, हे या व्यवस्थेतले मोठे सुख आहे. त्यानेही भोगवटा प्रमाणपत्राची सत्यप्रत मागितली असती, तर महाराष्ट्रातील कित्येक देव्हारे अद्याप खोक्यांतच राहिले असते.

किल्ली हाती येताच घराचे ‘काम काढले’ जाते. ‘काढणे’ हे क्रियापद येथे फार अचूक आहे, कारण पहिले दोन महिने सर्व काही काढण्यातच जातात : विकासकाने नुकतीच बसवलेली फरशी काढतात, ओटा काढतात, दारे काढतात, नळ काढतात, आणि ज्या वस्तूंच्या निकृष्टतेबद्दल तक्रार करायची होती त्या सर्व पुराव्यासह गोणीत भरून राडारोडा म्हणून पाठवून देतात. गिलावा, रंगरंगोटी, फरशी बदलणे अशा किरकोळ दुरुस्त्यांना, इमारतीच्या सांगाड्याला धक्का लागत नसेल तर, सामान्यतः महापालिकेच्या परवानगीची गरज नसते. ही सवलत सदनिकाधारकाला कळलेली असते. फक्त ‘सांगाड्याला धक्का लागत नसेल तर’ ही अट सांगताना मध्येच कटर मशीन सुरू झालेले असते. खांब आणि तुळई यांनी इमारतीचा भार पेलला आहे हे अभियंत्याचे शास्त्र आहे. खांब हा सोफ्याच्या आड येतो हे इंटिरियरवाल्याचे शास्त्र आहे. आणि ‘काही होत नाही साहेब, आपण अशी पन्नास घरं फोडलीत’ हे मिस्त्रीचे शास्त्र आहे. या तीन शास्त्रांत मतभेद झाल्यास मिस्त्रीचे मत ग्राह्य धरले जाते, कारण हातोडा त्याच्याकडे असतो.

या तिघांच्या वरचे स्थान वास्तुतज्ज्ञाचे. नगररचनेच्या कायद्यात त्याचा उल्लेख नसला तरी व्यवहारात तो दुसरे नियोजन प्राधिकरणच असतो, आणि त्याच्या मंजुरीला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. स्वयंपाकघर आग्नेयेला हवे आणि ईशान्येला संडास असता कामा नये, एवढे त्याने सांगितल्यावर शिक्षित कुटुंब सदनिका जणू सोंगट्यांचा पट आहे अशा सहजतेने खोल्यांची अदलाबदल करू लागते. महापालिकेचा अभियंता आणि वास्तुतज्ज्ञ यांच्यात मूलभूत फरक असा की, पहिला इमारत नकाशाप्रमाणे आहे का ते पाहतो आणि दुसरा नकाशा दिशांप्रमाणे आहे का ते. इमारतीत खाली कोण राहते, याची चौकशी दुसरा करत नाही. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरची मोरी पवित्र दिशेतून सरकवली की ती नेमकी दुसऱ्या मजल्यावरच्या देवघरावर येते, आणि एका घराचा वास्तुदोष पाण्याच्या रूपाने दुसऱ्या घरात उतरतो.

गळती ही सहनिवासाची आद्य देणगी आहे. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये असे पूर्वज सांगून गेले. त्यांच्या काळी सहकारी गृहनिर्माण संस्था असत्या, तर त्यांनी छतावरच्या ओलीचे मूळही या यादीत घातले असते. ओल खालच्याच्या छतावर दिसते, पाणी वरच्याच्या फरशीखालून येते, नळ भिंतीतल्या डक्टमधून जातो आणि दोष प्रत्येकाच्या मते दुसऱ्याचा असतो. शोध घेण्यासाठी मोरीत पाणी तुंबवून ठेवतात, कधी रंगीत पाणी सोडतात, आणि खाली रंग उतरला तरी ‘हा आमचा रंग नव्हे’ असा युक्तिवाद ऐकायला मिळतो. फरशी बदलताना मिस्त्रीने नहाणी ट्रॅप, म्हणजे मोरीतील सांडपाण्याच्या नळाचा तोंडाकडचा भाग, उखडून पुन्हा बसवला आणि खालचे वॉटरप्रूफिंग फोडले, हे सत्य सर्वांना ठाऊक असते. पण ते उच्चारले की पुढचा प्रश्न निघतो, आणि तो विकासकाने ऐकू नये अशी सर्वांची इच्छा असते.

तो पुढचा प्रश्न दोषदायित्वाचा आहे. रेराच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात, कारागिरीत किंवा सेवांच्या दर्जात दोष आढळून निदर्शनास आणला गेला, तर विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. ग्राहकाच्या हाती दिलेले हे मोठे शस्त्र आहे. पण अनेक करारनाम्यांत याच दायित्वाच्या पाठोपाठ एक वाक्य असते, ज्याचा आशय असा की, ग्राहकाने लेखी संमतीवाचून मोरी, स्वयंपाकघर, नळजोडण्या किंवा खांब-तुळयांत फेरफार केल्यास हे दायित्व संपुष्टात येईल. म्हणून गळतीची तक्रार घेऊन गेलेल्या सदनिकाधारकाला विकासकाच्या कार्यालयात चहा देऊन अत्यंत मायेने विचारले जाते, ‘काका, टाइल्स फार छान बसवल्यात हो, कुठून घेतल्या?’ काका उत्साहाने दुकानाचे नाव सांगतात आणि त्या नावाबरोबरच त्यांचा दावा वाहून जातो.

सदनिकाधारकाच्या या लहानसहान पराक्रमांपुढे विकासकाचे कार्य अर्थातच भव्य असते. विक्रीच्या वेळी दाखवलेला नकाशा बदलायचा तर घेणाऱ्यांची संमती हवी, असे मोफाच्या कलम ७ मध्ये सांगितले होते. रेराने सामायिक भागांतील व मंजूर आराखड्यातील बदलांसाठी दोन तृतीयांश ग्राहकांची पूर्वलेखी संमती आवश्यक केली. विकासकांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे आगाऊ संमती : करारनाम्यातच एक कलम घालायचे, की विकासक भविष्यात जे जे बदल करील त्या सर्वांना ग्राहकाची आत्ताच मान्यता आहे. हे म्हणजे लग्नाच्या वेळीच घटस्फोटाच्या अर्जावर तारखेची जागा मोकळी सोडून सही घेण्यासारखे झाले. मधुविहार सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशी सरसकट संमती ही संमतीच नव्हे, ती विशिष्ट बदलाची माहिती देऊन घेतलेली असली पाहिजे, असे स्पष्ट केले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या खटल्यात इमारतीच्या खांबांमधली, म्हणजे ‘स्टिल्ट’खालची, वाहनतळाची जागा विकासकाला स्वतंत्रपणे विकता येणार नाही, ती सर्वांच्या मालकीची आहे, असा निर्णय दिला. या निर्णयाचे सर्व संस्थांनी मनापासून स्वागत केले आणि त्यानंतर सभासदांनी त्याच सर्वांच्या जागेत खांबांवर आपापल्या सदनिकेचे क्रमांक ऑइल पेंटने लिहून घेतले.

जमिनीची कथा तर आणखी दीर्घ आहे. इमारत आणि तिच्याखालची जमीन कायदेशीरपणे संस्थेच्या नावावर करून देण्याला ‘अभिहस्तांतरण’ म्हणतात. हा शब्द उच्चारण्यास जितका वेळ लागतो त्याच्या कित्येक पट वेळ तो प्रत्यक्षात येण्यास लागतो. मोफाखालच्या नियमांत संस्थेची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांत, करारात अन्य मुदत ठरलेली नसल्यास, ते करून द्यावे असे म्हटले आहे. पण जमीन स्वतःच्या नावावर राहिली तर उद्या वाढणारा निर्देशांकही आपलाच, हे गणित विकासकाला पाठ असते. अखेर २००८ च्या दुरुस्तीने ‘मानीव अभिहस्तांतरण’ आले : विकासक करून देत नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ते झाले असे मानून घेण्याची सोय. मराठीत मानलेला भाऊ असतो, मानलेली बहीण असते. त्यात आता मानलेल्या जमिनीची भर पडली. फरक इतकाच की, मानलेल्या भावासाठी कागदपत्रांच्या सत्यप्रती जोडाव्या लागत नाहीत.

या सर्वांत भोगवटा प्रमाणपत्राचा अभाव हा सर्वांत मूक आणि सर्वांत महाग दोष आहे. तो ओलीसारखा दिसत नाही. तो बिलांत उमटतो. समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, जेथे रहिवासी नव्वदच्या दशकापासून राहत होते, प्रमाणपत्र नसल्यामुळे मालमत्ता कर २५ टक्के आणि पाणीपट्टी ५० टक्के अधिक भरावी लागत होती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये हे प्रमाणपत्र मिळवून न देणे ही सेवेतील त्रुटी आणि सतत चालू राहणारी चूक असल्याचे मान्य केले. वरळीच्या कॅम्पा कोला आवारात तर हास्याला जागाच उरत नाही. पाच मजल्यांच्या मंजुरीवर तेथे एक इमारत वीस मजल्यांपर्यंत गेली, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने वरच्या मजल्यांना अभय देण्यास नकार दिला, तेव्हा नकाशात नसलेल्या मजल्यांवर खरीखुरी माणसे वर्षानुवर्षे संसार करून राहिली होती. विनोदी लेखाने क्षणभर गप्प बसावे अशी ही जागा आहे, कारण न वाचलेल्या नकाशाची किंमत कोणत्या टोकाला जाऊ शकते ते येथे दिसते.

म्हणूनच शहाण्या संस्था शेवटी कंबर कसतात. वार्षिक सर्वसाधारण सभेत विकासकावर सर्व उपलब्ध कलमांखाली कारवाई करण्याचा ठराव एकमताने संमत होतो. विकासक हजर नसल्यामुळे चर्चा अतिशय मोकळेपणाने होते. आणि संस्थेने स्वतः वास्तुविशारद नेमून प्रमाणपत्रासाठी प्रयत्न करावा असे ठरते. वास्तुविशारद कपाटातून मंजूर नकाशाची प्रत मागवतो, आणि इमारत उभी राहिल्यानंतर प्रथमच कोणीतरी ती उलगडून पाहते. येथवर सगळे सुरळीत असते. मग तो एक साधा प्रश्न विचारतो : पाहणीला अभियंता येईल, तेव्हा घरे या नकाशाप्रमाणे असतील ना?

सभागृहात जी शांतता पसरते तिला कार्यवृत्तात ‘सभासदांनी विषय समजून घेतला’ असे नोंदवतात. विकासकाच्या नावे तयार झालेल्या दोषांच्या यादीत स्टिल्टमधले त्याचे कार्यालय आणि न झालेली दुसरी लिफ्ट यांची नोंद आधीच असते. आता दुसरी यादी सुरू होते आणि तिचा कागद पुरत नाही. आत घेतलेल्या बाल्कन्या, खोलीत विलीन झालेली फुलझाडे, आग्नेयेकडे स्थलांतरित झालेली स्वयंपाकघरे, दोन सदनिका जोडताना नाहीशी झालेली भिंत, आणि अध्यक्षांच्या घरापुढचा सामायिक मार्गिकेचा तो तुकडा, जेथे चपलांच्या कपाटाने हळूहळू दरवाजाचे रूप धारण केले. विकासकाविरुद्धच्या ठरावाचे सूचक आणि अनुमोदक हे दोघेही या दुसऱ्या यादीत ठळकपणे आढळतात. ‘सर्व सभासदांनी आपापली घरे मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ववत करावीत’ हा विषय चर्चेला येतो, तेव्हा घड्याळ साडेनऊ वाजल्याचे दाखवते आणि तो वेळेअभावी पुढील सभेकडे वर्ग केला जातो.

वास्तुविशारद मात्र कर्तव्यनिष्ठ असल्यामुळे नकाशाची गुंडाळी हाती घेऊन एकेका मजल्यावरून फिरतो. प्रत्येक दारी चहा होतो, प्रत्येक घराची प्रशंसा होते, आणि प्रत्येक घरापुढे लाल पेनाने खूण होते. शेवटच्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाशी, त्याला अखेर एक सदनिका अशी सापडते की, जिची भिंत न् भिंत नकाशाबरहुकूम आहे. बाल्कनी उघडी आहे, मोरी जागच्या जागी आहे, आणि फुलझाडांच्या कट्ट्यात पारव्याने घरटे केले असल्यामुळे नियमकर्त्याला अभिप्रेत असलेली निसर्गाची जोपासनाही तेथे झालेली आहे. ही सदनिका विकासकाची असते. ती कधी विकलीच गेली नाही, आणि बारा वर्षे तिला कुलूप आहे. संपूर्ण इमारतीत भोगवटा प्रमाणपत्राला निर्विवाद पात्र असे ते एकमेव घर ठरते, कारण त्याला अद्याप कोणाचाही भोगवटा लागलेला नसतो.